येत होतं, तरी चुकलं: एफएमजीईचे एमसीक्यू सोडवायची रीत

"मॅडम, येत होतं ओ मला हे." राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात रविवारी सकाळी मुलं मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, निकाल घेऊन बसतात, तेव्हा हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्सहून एमबीबीएस करून कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजला परतलेली ही मुलं. भारतात डॉक्टरकी करायची तर त्यांना एफएमजीई ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. ३०० पैकी १३८, १४४, १४७ असे, पास व्हायला थोडेच कमी मार्क पडतात आणि मग तेच व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावले जातात. मी पेपर समोर ठेवून एकेक चुकलेला प्रश्न त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते. निम्म्या वेळा वाचता वाचताच पोरगं थांबतं आणि बरोबर उत्तर सांगतं. हे मार्क अभ्यासाने आधीच कमावलेले असतात, ते प्रश्न हाताळताना सांडतात. म्हणून ही रीत लिहून काढते आहे. मुख्य भर एफएमजीईवर आहे; नीट-पीजीला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला, जिथे वेगळं वागायचं, तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: पेपरची मापं आधी घ्या

एफएमजीईत एकूण ३०० एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायचे प्रश्न, १५० चे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. पास व्हायला १५० लागतात. प्री आणि पॅराक्लिनिकलला १०० मार्क, क्लिनिकलला २००. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग आणि प्रसूती ३०, पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) ३०. बालरोग, कान-नाक-घसा आणि डोळे प्रत्येकी १५. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीला प्रत्येकी १७. त्वचारोग, मानसोपचार, ॲनेस्थेशिया, ऑर्थो, रेडिओलॉजी, रेडिओथेरपी हे प्रत्येकी ५.

आता एक हिशेब मांडू. समजा, ३०० पैकी ११० तुम्हाला पक्के येतात, ८० अर्धवट आठवतात आणि ११० अजिबात येत नाहीत. पक्क्यातले १५ घाईत वाचून घालवले, राहिले ९५. अर्धवट आठवणारे ८० डोळे झाकून ठोकले, तर चारात एक या हिशेबाने २० मिळतील. न येणाऱ्या ११० मधून तसेच २७. बेरीज १४२, म्हणजे नापास. तोच मुलगा त्या ८० प्रश्नांत दोन-दोन पर्याय खोडू शकला, तर २० चे ४० होतात आणि बेरीज १६२ वर जाते. वाचण्यातले १५ वाचवले तर १७७. एकही नवीन धडा न वाचता.

पुढचे सगळे टप्पे या दोन जागांसाठी आहेत: वाचण्यातली गळती आणि अर्धवट आठवणारे प्रश्न.

इशारा: एनबीईएमएसने, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या मंडळाने, आपल्या एमसीक्यू परीक्षांत वेळेने बांधलेले भाग आणले आहेत. नीट-पीजीत ४० प्रश्नांचे पाच भाग असतात, प्रत्येकाला ४२ मिनिटं. एका भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही, आणि वेळ शिल्लक असताना पुढचा भागही उघडत नाही. "शेवटी सगळं परत बघू" हा बेत तिथे चालत नाही. तुमच्या सत्राचं इन्फर्मेशन बुलेटिन उघडा, भाग किती आणि प्रत्येकाला मिनिटं किती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सराव त्याच मापाने करायचा.

टप्पा २: क्यूबँक (प्रश्नसंच) परीक्षेसारखा सोडवा

क्रम असा ठेवा. विषय एकदा वाचा, दोन दिवस जाऊ द्या, मग त्या विषयाचे ४० ते ५० प्रश्न घड्याळ लावून सलग सोडवा. उत्तरं शेवटीच बघा. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तर उघडणारी मुलं पुढच्या प्रश्नाला मागच्या स्पष्टीकरणाच्या उबेत असतात. परीक्षेत ती ऊब मिळत नाही.

परीक्षेला दोन महिने उरले की विषयवार सराव कमी करा आणि मिश्र ब्लॉक वाढवा. "आज कार्डिओलॉजी" असं ठरवून बसल्यावर छातीत दुखण्याचा प्रश्न सोपाच वाटतो. मिश्र ब्लॉकमध्ये तीच छाती हृदयाची, फुप्फुसाची, अन्ननलिकेची किंवा पॅनिक ॲटॅकची असू शकते.

मागच्या वर्षांचे प्रश्न जरूर करा, पण ते मुलांनी आठवून सांगितलेले असतात हे ध्यानात ठेवा. विधानातला एखादा आकडा गळालेला असतो, तर कधी उत्तरच चुकीचं दिलेलं असतं. शिवाय वैद्यकातली उत्तरं बदलतात. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये (छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडली की) सुई कुठे घालायची, याचं जुनं उत्तर दुसरी इंटरकोस्टल स्पेस (दोन बरगड्यांमधली जागा), मिडक्लॅव्हिक्युलर लाइन. एटीएलएस या जखमींवरच्या तातडीच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीपासून मोठ्या माणसात चौथी-पाचवी स्पेस, मिडॲक्सिलरी लाइनच्या थोडं पुढे. लहान मुलांत मात्र दुसरीच. जुना गठ्ठा पाठ करणारा इथे हमखास अडकतो.

तपासणी: ब्लॉक संपल्यावर किती बरोबर आले हे मोजताना, बरोबर आलेल्यांपैकी किती अंदाजाने आले तेही मोजा. तुक्का बरोबर लागला तरी तो विषय अजून कच्चाच आहे.

टप्पा ३: एक प्रश्न, पाच पावलं

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि मुलं तो सगळ्यात घाईत उरकतात.

१. शेवटची ओळ आधी वाचा. निदान विचारलंय, तपासणी, उपचार की कारण? लांबलचक विधान वाचताना काय शोधायचं ते आधी कळतं.

२. मग वरून वाचा आणि चार गोष्टी उचला: वय, लिंग, त्रास किती दिवसांचा, नाडी आणि ब्लड प्रेशर. चौथी गोष्ट सर्वांत जास्त सुटते.

३. प्रश्न मनात मराठीत, एका वाक्यात सांगा. यावर मी हट्टाने भर देते. पेपर इंग्रजीत असतो. आपली कित्येक मुलं परदेशात वर्ग इंग्रजीत, वॉर्ड तिथल्या भाषेत आणि घरचा फोन मराठीत असं सहा वर्षं जगून आलेली असतात. इंग्रजी विधानावरून डोळा सरकत जातो आणि वाचल्याचा भास होतो. आईला सांगावं तसं एका वाक्यात सांगता आलं, तर खरंच कळलं. सांगता येईना, तर पर्यायांकडे जाऊ नका, पुन्हा वाचा.

४. पर्याय बघायच्या आधी स्वतःचं उत्तर ठरवा. सरावात पर्यायांवर हात ठेवा. पर्याय चुकवण्यासाठीच घडवलेले असतात. रिकाम्या मनाने गेलात तर पहिला ओळखीचा शब्द तुम्हाला ओढून नेतो.

५. मग चारही पर्याय वाचा. पहिलाच बरोबर वाटला तरी उरलेले तीन वाचायचे.

करून बघू. २६ वर्षांची बाई, दीड महिना पाळी आलेली नाही, ओटीपोटात एकाएकी दुखू लागलं, थोडं रक्त जातंय. युरिन प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह. नाडी १२८, प्रेशर ८०/५०. नेक्स्ट बेस्ट स्टेप? पर्याय: ४८ तासांनी बीटा एचसीजी पुन्हा करणे, मेथोट्रेक्सेट, फ्लुइड आणि रक्त देत तातडीने लॅपरोटॉमी (पोट उघडून शस्त्रक्रिया), एमआरआय.

मराठीतलं वाक्य: "गर्भ नळीत राहून फुटलाय, बाई शॉकमध्ये आहे, आत्ता काय करू?" वाक्य असं झालं की लॅपरोटॉमीशिवाय दुसरं काही सुचत नाही. मेथोट्रेक्सेट निवडणाऱ्याच्या डोक्यात वाक्य असतं "एक्टोपिकचा उपचार काय?" त्याने १२८ आणि ८०/५० वाचले, पण धरले नाहीत. याच बाईची नाडी ८४ आणि प्रेशर ११०/७० असतं, तर पहिली पायरी ट्रान्सव्हजायनल सोनोग्राफी. दोन आकडे बदलले की सगळं उत्तर बदलतं.

दुसरा प्रश्न आपल्याच शिवारातला. ऊसतोडीला आलेला माणूस खोपटात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखून जाग आली, पापण्या जड झाल्या, गिळता येईना. अंगावर सूज नाही, चावल्याची खूण नीट दिसत नाही. २० मिनिटांच्या चाचणीत रक्त व्यवस्थित गोठलं. कोणता साप? पर्याय: घोणस, नाग, मण्यार, फुरसं.

वाक्य: "रात्री झोपेत, सूज नाही, लकवा उतरतोय, रक्त ठीक." घोणस आणि फुरसं रक्त गोठण्याच्या चाचणीवर गेले. नाग आणि मण्यार दोन्ही लकवा आणतात, पण नागाच्या चाव्याला जागेवर सूज आणि वेदना असते. उरली मण्यार. चारही सापांवर आपलं पॉलिव्हॅलंट अँटिव्हेनम चालतं, त्यामुळे पुढचा प्रश्न उपचाराचा आला तर नाव न ओळखताही मार्क मिळतो.

विधानातला धंदा, ऋतू आणि जागा उगाच दिलेले नसतात. पुराच्या पाण्यातून आठवडाभर ये-जा, मग ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, कावीळ, क्रिएटिनिन वाढलेलं: २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला इथे लेप्टोस्पायरोसिस आठवायलाच हवा. कावीळ दिसली की हिपॅटायटिसवर उडी मारणारे बिलिरुबिन खूप आणि एन्झाइम्स मात्र बेताचे, ही विसंगती बघत नाहीत.

तपासणी: शेवटच्या ओळीतला कोणता शब्द तुम्ही वाचलात? "इनिशियल" म्हणजे सुरुवातीला काय. "गोल्ड स्टँडर्ड" म्हणजे सर्वांत खात्रीचं काय, मग ते महाग आणि उशिराचं असेना. "डेफिनिटिव्ह" म्हणजे कायमचा उपचार. "मोस्ट कॉमन" आणि "मोस्ट स्पेसिफिक" ही दोन वेगळी उत्तरं. एकाच आजारावर या शब्दांनी चार प्रश्न होतात आणि चारही पर्याय कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतात.

टप्पा ४: दोन पर्याय उरले की

इथेच ते ८० प्रश्न असतात. "दोनातलं एक वाटतंय" म्हणून नाणं उडवण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, दोन पर्यायांत फरक नेमका कशाचा ते शोधा. फरक वेळेचा असतो (आधी-नंतर), जागेचा, डोसचा, किंवा रुग्णाच्या अवस्थेचा. तो फरक ठरवणारा शब्द विधानात कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा असतो.

दुसरी, उलटं विचारा: "हा पर्याय बरोबर असता, तर विधान कसं लिहिलं असतं?" नाग बरोबर असता तर सूज लिहिली असती.

तिसरी, शहाण्यासारख्या दिसणाऱ्या पर्यायापासून सावध राहा. आठ वर्षांच्या मुलाला साप चावला, अँटिव्हेनमचा डोस किती? वजनानुसार कमी करा, हा पर्याय फार समंजस वाटतो, कारण लहानपणापासूनची सगळी औषधं तशीच असतात. पण सापाने विष मुलाला कमी सोडलेलं नसतं. डोस मोठ्या माणसाइतकाच. तसंच ऑर्गॅनोफॉस्फरसचं, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेचं. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन कुठवर द्यायचं? बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, असं निम्मा वर्ग लिहितो, कारण बारीक बाहुल्या हेच चित्र पाठ असतं. फुप्फुसं कोरडी व्हायला हवीत, तिथवर द्यायचं.

पर्यायांच्या भाषेवरून ओळखायच्या युक्त्या, म्हणजे सगळ्यात लांब पर्याय बरोबर, "नेहमी" किंवा "कधीच नाही" असलेला चूक, या शेवटच्या काठीसारख्या वापरा. क्लिनिकल प्रश्नांत पर्याय दोन-तीन शब्दांचे असतात, तिथे त्या काहीच सांगत नाहीत.

एवढं करूनही ठरलं नाही, तर? एफएमजीईत काहीतरी निवडा आणि पुढे जा. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हा नियम आहे. नीट-पीजीत बरोबरला ४, चुकीला वजा १. दोन पर्याय उरले असताना ठोकलं तर सरासरी दीड मार्क हाती येतो, तीन उरले तर साधारण दोन-तृतीयांश, चारही तसेच असले तरी पाव. म्हणजे सरासरीने तोटा कधीच नाही, पण एकही पर्याय खोडता आला नाही तर फायदा नावापुरता, आणि त्यावर मिनिटं घालवणं परवडत नाही.

टप्पा ५: तीन जातींचे प्रश्न, तीन सवयी

"एक्सेप्ट" आणि "नॉट" चे प्रश्न. यातली कोणती लस लाइव्ह (जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची) नाही: बीसीजी, ओपीव्ही, यलो फीव्हर, हिपॅटायटिस बी? बीसीजी लाइव्ह आहे हे पक्कं माहीत, म्हणून माउस बीसीजीवरच जातो. असे प्रश्न आले की प्रत्येक पर्यायापुढे मनात "हो" किंवा "नाही" म्हणत जा. तीन "हो" मिळाले की उरलेला तुमचा.

चित्रांचे प्रश्न. आधी विधान, मग चित्र. आणि नाव घेण्याआधी वर्णन करा: "मनगटाजवळ रेडियस मोडलंय, तुकडा हाताच्या मागच्या बाजूला सरकलाय." मागे, तर कोलिस, तळहाताकडे, तर स्मिथ. नाव आधी घेतलं की डोळा त्या नावाला जुळेल तेवढंच बघतो.

पीएसएमची आकडेमोड. ३० मार्कांचा विषय गणिताच्या भीतीने सोडणं मला पटत नाही. दोन बाय दोनची चौकट घरी इतक्या वेळा काढा की ती डोळ्यांसमोर आपोआप यावी. १००० माणसं, आजार १० टक्के, चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजारी असलेल्यांना पकडणं) आणि स्पेसिफिसिटी (निरोग्यांना वगळणं) दोन्ही ९० टक्के. खरे पॉझिटिव्ह ९०, खोटे पॉझिटिव्हही ९०, म्हणून पीपीव्ही (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती) ५० टक्के. तीच चाचणी, आजार १ टक्का: खरे ९, खोटे ९९, पीपीव्ही जेमतेम ८ टक्के. एकदा हाताने केलंत की "प्रिव्हलन्स (आजाराचं प्रमाण) वाढला की पीपीव्ही वाढते" हे पाठ करावं लागत नाही.

टप्पा ६: दोन फेऱ्या

१५० प्रश्नांना १५० मिनिटं म्हणजे प्रत्येकाला एक. पण सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा नाही. पहिल्या फेरीत जे लगेच येतं ते ३० ते ४० सेकंदांत संपवा. अडकलात, तर मनाला जवळचं वाटेल ते उत्तर आधी निवडा, मग रिव्ह्यूची खूण करा आणि सुटा. दुसऱ्या फेरीत, त्या भागाची वेळ संपायच्या आत, खुणा केलेले बघा.

मागे एका मुलाने अवघड प्रश्नांवर फक्त खूण केली, उत्तर निवडलंच नाही. भागाची वेळ संपली आणि अकरा प्रश्न कोरे गेले. तो तीन मार्कांनी राहिला. त्या दिवसापासून मी हे प्रत्येकाकडून म्हणवून घेते: आधी उत्तर, मग खूण.

दुसऱ्या फेरीत उत्तर बदलावं का? "पहिलं मनात आलेलं बदलू नये" हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण उत्तर बदलण्यावर झालेल्या अनेक अभ्यासांत बदल चुकीकडून बरोबरकडे जास्त वेळा गेल्याचं दिसलं आहे. बदलून चुकलेलं जिवाला लागतं, म्हणून तेवढंच लक्षात राहतं. माझा नियम साधा: नवा पुरावा दिसला, म्हणजे एखादा शब्द सुटला होता किंवा काही ठोस आठवलं, तर बदला. नुसती धाकधूक वाटते म्हणून बदलू नका.

तपासणी: मॉकमध्ये तिसाव्या मिनिटाला ३५ च्या आसपास पोचलात का ते बघा. २५ वर असाल, तर तुम्ही पहिल्याच फेरीत भांडत बसला आहात.

टप्पा ७: चुकांची वही

मॉकला जितका वेळ लागला, तितकाच तो तपासायलाही द्या. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. "म": माहितीच नव्हती. "व": वाचण्यात चुकलं. "न": दोनातून निवडताना चुकलं. "घ": घाईत किंवा वेळ संपल्यामुळे. आणि पुढे एकच ओळ, तीही आपल्या शब्दांत. "एक्टोपिक: व. प्रेशर बघितलं नाही." "ॲट्रोपिन: न. बाहुली नाही, फुप्फुसं."

स्पष्टीकरणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. हजार स्क्रीनशॉट जमतात, उघडले एकही जात नाहीत.

तीन मॉक झाले की अक्षरं मोजा. "म" जास्त असतील तर अभ्यासाला बसा, खरंच कमी पडतोय. "व" जास्त असतील तर नवीन व्हिडिओ लावू नका. रोज २० प्रश्न वेळ न लावता, मराठी वाक्य मोठ्याने म्हणत सोडवा. "न" जास्त असतील तर सारख्या दिसणाऱ्या आजारांचे तक्ते करा, दोन-दोनच्या जोड्यांत: नाग-मण्यार, कोलिस-स्मिथ. "घ" साठी फेऱ्यांचा सराव. औषध निदानाप्रमाणे द्यायचं, हे डॉक्टर होणाऱ्याला मी वेगळं काय सांगणार.

अभ्यासाची जागा घरापासून वेगळी असावी. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर असो की पेठेतली अभ्यासिका, आठवड्यातून एक पूर्ण पेपर घराबाहेर, फोन बंद ठेवून द्या.

टप्पा ८: शेवटचा आठवडा आणि तो दिवस

एनबीईएमएस परीक्षेआधी संकेतस्थळावर डेमो टेस्ट ठेवते. ती करा, खूण कशी होते, उत्तर कसं पुसलं जातं, प्रश्नांचे रंग काय सांगतात हे तिथे कळतं. शेवटच्या आठवड्यात नवा मॉक नको. चुकांची वही दोनदा, लसीकरणाचं वेळापत्रक, पीएसएमची सूत्रं, चित्रांचा संच, बस्स.

केंद्र पुण्याला आलं, तर आदल्या दिवशी दुपारीच पोचा. हायवेची कामं आणि घाटातला खोळंबा आपल्याला नवा नाही. पहाटेची गाडी धरून थेट केंद्रावर जाणारी मुलं पहिले २० प्रश्न झोपेत सोडवतात. हॉलतिकीट आणि ओळखपत्रावरचं नाव सारखं आहे ना, हे आठवडाभर आधी बघा. बापाचं नाव मध्ये येण्या-न येण्यावरून गेटवर अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

दोन पेपरांमधल्या सुट्टीत हलकं खा, पाणी प्या, आणि सकाळच्या प्रश्नांची चर्चा चालली असेल त्या घोळक्यापासून लांब बसा. तिथे एखादा खात्रीने चुकीचं उत्तर सांगतो आणि तुम्ही बरोबर लिहिलेलं मनात चूक ठरतं. दुपारी पहिल्या प्रश्नाला माउस हातात घेण्याआधी शेवटची ओळ वाचा, आणि बाईला, पोराला, म्हाताऱ्याला काय झालंय ते मराठीत सांगा.